विश्लेषण : पाण्यातून गाडी काढल्यावर ‘क्राउन’चे झाकण का उघडायचे?

पावसाळ्यात तानसा नदी फुगली की वसईच्या पूर्व पट्ट्यात सखल रस्ते पाण्याखाली जातात. मेढ्याचा पांढरतारा पूल बुडाल्याच्या बातम्या चांदीप, मांडवी, पारोळकडच्या वाचकांना नव्या नाहीत. पाणी ओसरते, जीप आणि पिकअप बाहेर पडतात आणि इंजिन सुरू झाले की चालक निश्चिंत होतो. मागच्या ॲक्सलमध्ये काय झाले, हे मात्र पुढे कधीतरी घरघर सुरू झाल्यावर कळते.

पाणी आत शिरते कसे?

ॲक्सलच्या मधोमध दिसणारा फुगीर गोळा म्हणजे डिफरन्शिअल. गॅरेजच्या भाषेत ‘क्राउन’. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणे, हे त्याचे काम. गाडी धावताना आतली हवा तापून प्रसरण पावते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या वाटेने बाहेर पडते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की तीच हवा आकसते आणि बाहेरचे पाणी ओढून घेते. ब्रीदर, झिजलेले ऑइल सील, झाकणाची फट, जिथे वाट मिळेल तिथून. २०२० च्या थारसाठी महिंद्राने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे. ॲक्सल त्याच्या बराच आधी बुडतो.

फिलर प्लग उघडून तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरले आहे. असे तेल दातांना आणि बेअरिंगना वाचवत नाही. गंज धरतो आणि पुढचा खर्च तेलाच्या डब्याच्या कैक पट होतो.

झाकण बसवताना चुकते कुठे?

जुन्या महिंद्रा जीपच्या ॲक्सलला बोल्टने कसलेले झाकण असते. सगळ्याच गाड्यांना ते नसते. काहींत ते वेल्ड केलेले असते, तिथे हा प्रकार लागू नाही. आधी फिलर प्लग सुटतो का ते पाहावे, मगच तेल काढावे. नाहीतर तेल काढून झाल्यावर भरायची वाटच बंद! खालचे बोल्ट काढून वरचे दोन नुसते ढिले ठेवले, की झाकण अंगावर न पडता तेल खाली उतरते. चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर घाबरू नये. तुकडे निघाले तर मात्र मेकॅनिकला दाखवावे.

बहुतेक गळती सुरू होते ती साफसफाईतल्या घाईमुळे. जुने पॅकिंग खरवडून काढावे, पण ग्राइंडर लावू नये. पृष्ठभागाला खड्डा पडला की सिलिकॉन कितीही लावा, तेल वाट काढतेच. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. आतून झिरपणारा एक थेंबसुद्धा सिलिकॉनला धरू देत नाही. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगला असेल तर तो सपाट ठोकून घ्यावा.

सिलिकॉनची तीन-चार मिलिमीटर जाडीची अखंड रेघ प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने फिरवावी. जास्त लावले तर आत सुटलेले तुकडे तेलात फिरतात. कागदी पॅकिंग आणि सिलिकॉन दोन्ही लावण्याची आपल्याकडची सवय बहुतेकदा अनावश्यकच. गाडीला जे सांगितले आहे, ते एक पुरे. झाकण सरकवत नव्हे, सरळ टेकवावे. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे आलटून-पालटून मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच कसावेत. जोर लावून कसला की झाकण वाकते आणि गळतीला नवी जागा मिळते.

तेल कधी भरायचे?

ट्यूबवर लिहिलेली सुकण्याची वेळ पाळूनच. ती अनेकदा २४ तासांची असते, आणि ‘संध्याकाळी गाडी हवीच’ म्हणणाऱ्याला ती परवडत नाही. तेल कोणते, हे मॅन्युअल सांगते. बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९० चालते, पण लॉकिंग डिफरन्शिअल असेल तर वेगळे लागू शकते. सपाट जागेवर फिलर भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरावे. बाजारातले जाड ओतीव झाकण दगडांपासून संरक्षण देते, मात्र त्याचे भोक वर असेल तर तेल जास्त भरले जाते.

ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर गरम ॲक्सलमधला दाब सीलमधून तेल ढकलतो आणि दोष नव्या झाकणाला दिला जातो. रबरी नळी जोडून तो चासीवर उंच नेता येतो. खर्च थोडा, उपयोग मोठा. काढलेले दुधाळ तेल ओढ्यात ओतू नये, ते शेवटी तानसेतच जाते. डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

एक-दोन दिवस गाडी चालवल्यावर झाकणाखाली वर्तमानपत्राचा कागद टाकून रात्रभर ठेवा. डाग पडला तर झाकण पुन्हा उघडावे लागेल.