काडेपेटीवरचे जपानी छाप : रद्दीतला माल ओळखा

अंबरनाथला रिक्षावाल्यास 'विम्को नाका' म्हटले की तो बिनचूक नेऊन सोडतो. पण हा विम्को कोण, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी हे त्याचे पूर्ण नाव. स्वीडिश भांडवलावर ती १९२३ साली स्थापन झाली आणि अंबरनाथला तिने काडेपेट्यांचा मोठा कारखाना उभारला. पुढे २००५ साली कंपनी आयटीसी उद्योगसमूहाकडे गेली. अंबरनाथला आता काड्या बनत नाहीत. नाक्याला नाव तेवढे राहिले.

नाव राहिले तसा कागदही राहिला आहे. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जुनी किराणा दुकाने रिकामी होतात, तेव्हा माळ्यावरून जुन्या काडेपेट्या, डझनाच्या पाकिटांचे कागद आणि कोरी लेबले निघतात. बहुतेक वेळा ती किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यातल्या काही कागदांना मुंबईत आणि परदेशात शौकीन गिऱ्हाईक आहे, विशेषतः जपानी छापांना. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हा माल ओळखायला शिकावे म्हणून हा लेख.

छाप कशासाठी?

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत चित्राचे तिकीट चिकटवलेले असे. गिऱ्हाईक अक्षरे वाचत नसे, चित्र वाचत असे. काडेपेटीचेही तेच. खेड्यातला माणूस कंपनीचे नाव घेत नसे. तो 'घोडा छाप' मागे, 'जहाज छाप' मागे. म्हणजे त्या दोन बोटांच्या कागदावर व्यापाऱ्याची सारी साख उभी असे. म्हणूनच खपणाऱ्या छापाची नक्कल करणारेही लगेच निपजत. वाघाच्या जागी बिबळ्या आणि हत्तीचे तोंड उलट्या दिशेला, असे प्रकार चालत.

जपानचा माल इकडे कसा आला?

जपानमध्ये शिमिझू माकोतो यांनी १८७५ च्या सुमारास काडेपेट्यांचा उद्योग सुरू केला. पुढे कोबे आणि ओसाका ही या धंद्याची ठाणी झाली. हिंदुस्थानात त्या काळी स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपान येथून माल येई. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) युरोपचा माल अडला आणि जपानने बाजार व्यापला. इकडच्या गिऱ्हाइकासाठी तिकडच्या छापखान्यांत वाघ, हत्ती, मोर, राजे-महाराजे आणि देवदेवता छापल्या जाऊ लागल्या. जपानी चित्रकाराच्या हातून उतरलेला हिंदी राजा डोळ्यांनी थोडा जपानीच दिसतो. जाणकार अशा छापावरच जास्त खूश होतात.

या व्यापारात आपली माणसे मागे नव्हती. ए. एम. एसाभॉय या बोहरी पेढीचे नाव आयात मालाच्या छापांवर वाचायला मिळते. अहमदाबादला १८९५ साली गुजरात इस्लाम मॅच फॅक्टरी निघाली होती. आदमजी हाजी दाऊद यांनी रंगूनमध्ये काडेपेट्यांचा कारखाना काढला. या उद्यमाची आठवण देणाऱ्या वस्तू आज कितीशा उरल्या आहेत? हे छाप त्यांतलेच.

मग १९२२ साली सरकारने आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया जकात बसवली. बाहेरचा माल महागला. स्वीडिश कंपनीने हिशेब केला आणि इथेच कारखाना घातला. अंबरनाथचा विम्को तो हाच. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून आले. जपानी छापांची आवक आटली ती यामुळे. जे मोजके उरले त्यांना म्हणूनच किंमत आहे.

छाप बिलासारखा वाचा

चित्र नंतर पाहावे, आधी बारीक अक्षरे वाचावीत. 'मेड इन जपान' किंवा 'मेड इन स्वीडन' आहे काय? आयात करणाऱ्या पेढीचे नाव आहे काय? पेटीवर कराची कागदी पट्टी, म्हणजे बँडरोल, असेल तर माल १९३४ नंतरचा. काडेपेटीवर अबकारी कर त्या वर्षी लागला. किंमत 'नये पैसे' मध्ये असेल तर काळ १९५७ ते १९६४. पन्नास पैशांची पेटी २००७ मध्ये एक रुपयाची झाली आणि डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची. एवढ्यावरून निम्मे काम होते.

खरा की नकली?

आजकाल जुन्या छापांची नवी छपाईही विकली जाते. कापड पाहायचे भिंग घ्या. जुनी छपाई दगडावरची, म्हणजे लिथोची. तिच्यात रंग सपाट भरलेले दिसतात किंवा हाताने टाकलेले अनियमित ठिपके असतात. चार रंगांच्या ठिपक्यांची रेखीव जाळी दिसली, तर तो छाप महायुद्धापूर्वीचा म्हणून घेऊ नका. खरा कागद कडेने पिवळा पडतो, आत कमी. पुढून-मागून सारखाच तपकिरी कागद दिसला तर तो चहाच्या पाण्यात बुडवलेला असण्याचा संभव धरा.

खरेदीला मुंबईत चोरबाजाराची मटण स्ट्रीट आहे, तिथला शुक्रवारचा जुमा बाजार आहे. नाणी व टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांतही काही विक्रेते छाप मांडतात. तिथे पहिल्या फेरीत फक्त भाव ऐकावेत, खरेदी दुसऱ्या फेरीत करावी. विकणाराने नवी छपाई ही नवी म्हणूनच सांगावी. मालाचा ऐब लपवून आलेल्या पैशात बरकत नसते, हे आपल्या धंद्याचे पहिले कलम आहे.

जतन

पेटी अखंड असेल तर छाप सोडवू नका. अखंड पेटीला मान जास्त. पाण्यात भिजवले तर जुना रंग फुटू शकतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी माल कायमचा बिघडतो. काड्या शिल्लक असतील तर त्या आधी काढून ठेवा. उल्हास नदीच्या २६ जुलै २००५ च्या पुराने या पट्ट्यात किती घरांचे कागद नेले, हे आपण जाणतोच. म्हणून छाप तळमजल्यावर ठेवू नका, आणि पावसाळ्यानंतर वही एकदा मोकळ्या हवेत, पण सावलीत उघडी ठेवा.

उल्हासनगरच्या जपानी बाजारात कापडासाठी आपली ये-जा असतेच. परतताना एखाद्या जुन्या दुकानदाराला माळ्यावर काय आहे, एवढे विचारून पाहावे. मिळालेल्या प्रत्येक छापामागे तो कोणत्या गावी, कोणत्या दुकानात, कोणत्या साली मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. रद्दीवाल्याचा काटा कागदाचे वजन तेवढे सांगतो. त्याची किंमत ही चिठ्ठी सांगते.