कंबर दुखते, पण ढिलं पडलंय दुसरंच

आपल्या भडगाव तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली, की कंबरेचं दुखणंही सुरू होतं. दिवसभर ओटी बांधून वाकायचं, रात्री बाम चोळायचा, फारच झालं तर मेडिकलमधून गोळी आणायची. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. असं का होतं, ते आज आपण पाहू.

आपले स्नायू बैलजोडीसारखे असतात. एक आखडला की दुसरा ढिला पडतो. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी हे नीट मांडून दाखवलं. ते स्वतः पंधराव्या वर्षी पोलिओतून गेलेले. सतत वाकून आणि उकिडवं बसून जांघेतला आणि कंबरेचा स्नायू आखडतो. पोटाचे आणि कुल्ल्याचे ढिले पडतात. मग कुल्ल्याचं काम कंबर ओढते आणि दुखते. म्हणून नुसती कंबर चोळून भागत नाही.

फिजिओथेरपिस्ट आधी आपलं उभं राहणं, चालणं बघतात. पालथं झोपवून पाय मागे उचलायला लावतात आणि कुल्ला काम करतो की कंबर, ते हाताने तपासतात. घरी एक पारख आपणही करू शकतो. भक्कम पलंगाच्या काठावर कुल्ले ठेवून उताणं झोपा. एक गुडघा पोटाशी धरा, दुसरा पाय खाली सोडा. ती मांडी पलंगाला न टेकता वरच राहिली, तर जांघ आखडलीय.

उपायात क्रम महत्त्वाचा. आधी आखडलेलं सैल करायचं, मग ढिल्याला ताकद द्यायची. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे. कंबर ताठ ठेवून हळूच पुढे सरका, 30 सेकंद थांबा. दोन्ही बाजूंनी करा. नंतर उताणं झोपून गुडघे वाकवा आणि कुल्ले 10 वेळा वर उचला. दुखणं वाढलं तर थांबा. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद गेली असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा कंबरेसोबत ताप असेल, तर व्यायाम नको, चोळणंही नको. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून मधे ताठ व्हायला मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. पण अर्ध्या तासाने एकदा उभं राहा, ओटी जड होण्याआधी रिकामी करा. एवढ्यानं दोन बोंडं कमी वेचली जातील. कंबर धरली तर अख्खा हंगाम जाईल.