पाच गोळ्यांचा पुरावा

कर्ण्यावरून ‘सीझ फायर’ असा पुकारा होतो आणि लांबलचक छपराखालचा दणदणाट एकदम थांबतो. सगळे जण बोल्ट उघडतात, रिकाम्या चेंबरमध्ये रंगीत प्लास्टिकची पट्टी खोचतात आणि रेषेमागे येऊन उभे राहतात. आता रायफलीला बोटही लावायचं नाही. फिनिक्सच्या उत्तरेकडची ही बेन एव्हरी रेंज, ॲरिझोना राज्याच्या शिकार आणि मत्स्य खात्याची. समोर उजाड माळ, त्यापलीकडे सग्वारो निवडुंग आणि बोडके डोंगर. हिवाळा असल्यामुळे सकाळी दहाच्या उन्हातही अंगावरचं जॅकेट काढावंसं वाटत नाही.

काका ट्रायपॉड उचलून टेबलापुढे चालू लागतात, टार्गेटचे कागद घेऊन मी मागोमाग. पंधरा फुटांवर ते ट्रायपॉड रोवतात आणि त्यावर क्रोनोग्राफ चढवतात. ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यावर दोन फुटांच्या अंतराने आकाशाकडे रोखलेले दोन प्रकाशडोळे. प्रत्येक डोळ्यावर दोन काड्यांची चौकट आणि माथ्यावर पांढऱ्या प्लास्टिकचं झाकण. गोळी चौकटीतून गेली की तिची सावली आधी पहिल्या डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधला वेळ यंत्र मोजतं आणि सेकंदाला किती फूट ते सांगतं. दोन फूट कापायला गोळीला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

मूळ यंत्राची प्लास्टिकची पट्टी काकांनी केव्हाच काढून टाकलीय. “दोन फुटांत सोळांश इंचाची चूक झाली तर वेगात सात फुटांचा फरक पडतो,” ते डोळ्यांमधलं अंतर पोलादी पट्टीने पुन्हा तपासत म्हणतात. वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत, स्वतः इथल्या एका कारखान्याच्या मोजमाप विभागातून निवृत्त झालेले. पट्टी लावल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही.

शंभर यार्डांवर कागद लावून आम्ही परततो. रेंज पुन्हा सुरू झाल्यावरच काका रायफलीला हात लावतात. बोल्ट काढून मागून नळीला डोळा लावतात. दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेली असते, त्यामुळे दुर्बिणीतून वाट मोकळी दिसली तरी जवळच्या पंधरा फुटांवर गोळी त्या वाटेच्या खालून जाते. काकांच्या चौकटीच्या एका काडीला अर्धगोल खाच पडलेली आहे. “कुणाची करामत?” मी विचारतो. “एकाला शिकवत होतो,” एवढंच सांगून ते वाळूच्या पिशव्यांवर रायफल सरकवतात आणि नळीतून पुन्हा पाहतात.

रायफल .३०८ विंचेस्टर. गोळी १६८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम अकरा ग्रॅम. घरी भरलेली काडतुसं चार डब्यांत आहेत: अ, ब, क, ड. गोळी तीच, प्रायमर तेच, पुंगळ्या एकाच कंपनीच्या. फक्त दारू दर डब्याला अर्ध्या ग्रेनने वाढवलेली, म्हणजे सुमारे बत्तीस मिलिग्रॅमने. डबे सावलीतच ठेवायचे. गरम दारू जास्त जोरात जळते, म्हणून तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून रेंगाळायचंही नाही.

अ संपतो, ब संपतो. मी आकडे वहीत उतरवतोय. मध्येच काकांनी चाप ओढलेला नसताना डिस्प्लेवर ‘एरर’ उमटतं. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाच्या रायफलीच्या तोंडाला वायू बाजूला फेकणारा मझल ब्रेक आहे. त्याचा धक्का छपराखालून येतो आणि आमचा पहिला डोळा फसतो. त्या तरुणाला असली कटकट नाही. त्याच्याजवळ रायफलीशेजारी ठेवायची रडारची चिमुकली डबी आहे, २०२३ च्या अखेरीस बाजारात आलेली. पुढे जाऊन काही रोवायचं नाही, उन्हाची तिरीप नाही, काडी तुटायची भीती नाही. डबी दूर जाणाऱ्या गोळीवर रडारच्या लहरी सोडते आणि परतलेल्या लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून वेग काढते.

१७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने आपल्या ग्रंथात टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारून तो किती झुलतो यावरून वेग काढण्याची रीत मांडली. पुढे कित्येक पिढ्या हे मोजमाप सैन्याच्या आणि कारखान्यांच्याच आवाक्यात राहिलं. १९६०च्या दशकात टेक्सासच्या केन ओहलर यांनी साध्या नेमबाजाला परवडेल असा क्रोनोग्राफ विकायला काढला. आज तीच सोय जॅकेटच्या खिशात मावते.

क. पाच गोळ्या: २६४१, २६४८, २६४४, २६५२, २६४५. सरासरी २६४६, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत फक्त अकराचं अंतर, प्रमाण विचलन ४.२. शेजारचा तरुण वाकून वही पाहतो आणि शीळ घालतो. आकडा देखणा आहे खरा. मी त्याभोवती वर्तुळ काढू लागतो, तर काका माझं पेन धरतात.

“थांब. पाच गोळ्यांच्या भरवशावर वर्तुळं नाही काढायची.”

ड. पहिली गोळी २६९४. काका डिस्प्ले पाहतात, मग चष्मा सारखा करून भरणीच्या पुस्तकाचं पान उघडतात. त्यांची दारू पुस्तकाने दिलेल्या कमाल वजनाच्या आत आहे, वेग मात्र पुस्तकातल्या कमाल वेगाच्या वर गेलाय. बोल्टही नेहमीसारखा अलगद उठत नाही, तळव्याने रेटावा लागतो. ते पुंगळी उन्हात धरून मला दाखवतात. बुडावरच्या अक्षरांपाशी एक चकचकीत ओरखडा आहे. दाबाखाली मऊ पितळ बोल्टच्या तोंडावरच्या खाचेत घुसलं, त्याची ही खूण. प्रायमरच्या गोलसर कडाही चेपून सपाट झाल्यात.

“वेग फुकट येत नसतो. दाब वाढला म्हणूनच वेग वाढला. पुस्तकवाल्यांनी त्यांच्या नळीवर मोजलं, आपली नळी आणि आपली पुंगळी निराळी.” ड चा डबा बंद होतो. उरलेली चार काडतुसं घरी हातोडीच्या पुलरने फोडायची. गोळी पुन्हा वापरायची, दारू बागेत.

आता काका क ची उरलेली पाच काडतुसं घेतात. २६३१. २६५५. २६६२. २६३९. २६४८. सरासरी जागची हलत नाही, २६४६.५. पण दहा गोळ्यांचं विचलन होतं ८.७ आणि अकराचं अंतर एकतीसवर जातं. काडतूस तेच, रायफल तीच, ऊनही जवळपास तेवढंच. बदललं काहीच नाही. पहिल्या पाचांनी अर्धीच हकिकत सांगितली होती. पाच गोळ्यांवरून काढलेलं विचलन खऱ्या विचलनाच्या निम्म्याहूनही कमी निघू शकतं, हे काकांना नोकरीतच पाठ झालेलं. तरुणाला ते समजावत नाहीत, नुसती वही त्याच्यापुढे सरकवतात.

पुढच्या सीझ फायरला आम्ही कागदांपाशी पोचतो. ब च्या पाच गोळ्या साठ शतांश इंचात बसल्यात, क चा घोळका नव्वद शतांशांचा. तरुणही आलाय. तो गोंधळतो, कारण यंत्रावर क सरस होता.

“शंभर यार्डांवर वेगातला तीस फुटांचा फरक गोळीला इंचाच्या सहा शतांशांएवढाच वरखाली करतो,” काका सांगतात. “इथे कागद बोलतो तो नळीबद्दल, गोळीबद्दल, माझ्या खांद्याबद्दल. सहाशे यार्डांवर तोच फरक अडीच-तीन इंचांवर जातो, तिथे हा आकडा कामाला येतो.”

“मग ब चांगला?”

“कागदावरही पाचच भोकं आहेत ना! त्यांना तरी झुकतं माप का द्यायचं?”

टेबलापाशी परतल्यावर काका वही स्वतःकडे ओढून घेतात. ड वर तिरपी रेघ मारतात. अ, ब आणि क समोर एकच शेरा लिहितात: पुन्हा, वीस-वीस. क ची सरासरी आणि आजचं तापमान मात्र सहाशे यार्डांच्या तक्त्यासाठी वेगळ्या कार्डावर उतरवतात, कारण सरासरीने दोन्ही वेळा एकच सांगितलं. विचलनाची चौकट ते कोरी सोडतात.

“एवढी दारू जाळून निकाल काय लागला?” तरुण हसत विचारतो.

“एक नापास झाला,” काका सांगतात. “नापास करायला या यंत्राला एक गोळी पुरते. पास करायचं तर ते डबाभर काडतुसं मागतं.” आणि रविवारपर्यंत साठ पुंगळ्या भरून होतील का, याचा हिशेब ते बोटांवर करू लागतात.