रेषा पानाशी जुळते, तशी माणसाशीही

पावसाने उघडीप दिली की यवतमाळात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू होते आणि पाठोपाठ विषबाधेच्या बातम्याही. 2017 चा हंगाम जिल्हा विसरलेला नाही. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला टेकली होती, त्यामुळे फवारा तोंडासमोरच उडत होता. तेव्हापासून मास्क-हातमोज्यांवर पुष्कळ बोलून झाले. थेंबाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पांढरी माशी आणि तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला बसतात. साधा थेंब वरच पडतो, उरलेला जमिनीत जातो. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या एडवर्ड लॉ यांनी थेंबालाच विद्युतभार देण्याची युक्ती विकसित केली. नोझलच्या तोंडाशी धन इलेक्ट्रोड ठेवला की पाणी ऋण भार घेऊन निघते. अशा थेंबांचा ढग जवळ आला की झाडातला ऋण भार मुळांवाटे जमिनीत हटतो आणि पानांवर धन भार उरतो. या भारांमधल्या विद्युतक्षेत्राच्या रेषा, म्हणजे क्षेत्ररेषा, धन भारापासून निघतात, ऋण भारावर संपतात, एकमेकींना कधी छेदत नाहीत. पानाच्या पृष्ठभागाशी त्या जवळपास काटकोनातच जुळतात, त्यामुळे काही रेषा वळसा घालून खालच्या बाजूलाही जोडलेल्या असतात. तीस-पन्नास मायक्रॉनचा हलका थेंब त्या ओढीने मागे वळतो. जाड थेंब आपल्या वजनानेच खाली जातो.

चंडीगडच्या सीएसआयओ या वैज्ञानिक उपकरणांच्या संशोधन संस्थेने असे देशी फवारणी यंत्र बनवले. करोनाकाळात जंतुनाशक फवारायला हेच तंत्र वापरले गेले.

पण दाट पऱ्हाटीत बाहेरची पानेच रेषा अडवतात, आत क्षेत्र जेमतेम पोचते. फॅरडेने 1836 मध्ये पिंजऱ्यात दाखवला तोच हा परिणाम. तिथे थेंब आत न्यायला हवेचा झोत लागतो. बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी तर झोतानेही सापडत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच. ओल्या वावरात अनवाणी उभा मजूर हाही विजेच्या लेखी जमिनीला जोडलेला वाहकच. रेषा टोकांशी दाटतात. पानाच्या शेंड्याशी, तशा नाकाशी आणि बोटांशीही. पान कुठले आणि माणूस कुठला, हे थेंबाला कळत नाही.

औषध कमी लागते, हा फायदा खरा. तरीही अशा पंपासाठी अनुदानाचा आग्रह धरण्याआधी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हा पंप छातीएवढ्या पऱ्हाटीत चालवून बघावा आणि पानांवरच्या थेंबांसोबत मजुराच्या कपड्यांवरचे थेंबही मोजावेत.