पत्ते, फासे आणि सत्तर हजार जादूगार

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच एपिसोडमध्ये चार पोरं तळघरात बसून फासा टाकतात आणि डेमोगॉर्गनच्या नावानं किंचाळतात, आठवतंय? तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आता अशी चार नाही, सत्तर हजार पोरं (काहींना नातवंडंसुद्धा असतात!) एकाच शहरात घुसली तर? घुसतात की! दर वर्षी ऑगस्टच्या आसपास, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये, पूर्ण चार दिवस. या जत्रेचं नाव जेन कॉन.

माहीत आहे का, ही जत्रासुद्धा तळघरातच सुरू झाली? १९६७ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थानं वीसेक दोस्तांना घरी खेळायला बोलावलं. पेशा इन्शुरन्सचा, वेड युद्धाच्या बोर्डगेम्सचं! पुढच्या वर्षी घर पुरेना, तेव्हा त्यानं ५० डॉलर भाडं मोजून वेलींनी झाकलेला हॉर्टिकल्चरल हॉल घेतला. गाव जिनिव्हा, पाहुणे सगळे युद्धखोर. म्हणून जिनिव्हा कराराला डोळा मारत नाव ठेवलं जेन कॉन.

१९६९. हॉलमधलं दुसरंच वर्ष. तिथे गायगॅक्सला भेटला डेव्ह आर्नेसन. दोघांचं जमलं ते जहाजांच्या लढाईवरून, पण पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, या जोडीच्या नावावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची! मधल्या काळात गायगॅक्सची नोकरी गेली होती आणि पठ्ठ्या बूट दुरुस्त करून घर चालवत होता. ड्रॅगन मागून आले, आधी टाचा!

खेळतात कसं? एकदम सोप्पं. टेबलाच्या टोकाला बसतो डंजन मास्टर, समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून. गोष्ट त्याची, उचापती तुमच्या.

"दार उघडतोस?"

"आधी कान लावतो."

"टाक फासा."

वीस बाजूंचा फासा घरंगळतो, सहा माना पुढे झुकतात. वीस पडले की आरडाओरडा. एक पडला की त्याहून मोठा आरडाओरडा, कारण आता दार तुमच्याच अंगावर पडणार!

बाय द वे, सुरुवातीला हे चित्रविचित्र फासे यायचे कुठून, माहीत आहे का? शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून! आकडे फक्त कोरलेले, रंग नाही. रंगखडू घासा आणि आकडे वाचा. १९७९ च्या सुमारास तर फासेच पुरेनात, तेव्हा खोक्यात कापायचे कागदी आकडे घातले गेले. शकुनीमामांनी हे पाहून संन्यासच घेतला असता.

आणि वीस बाजूंचा फासा मॉडर्न वगैरे समजू नका हं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तचे असे दगडी फासे ठेवलेत, अंकांच्या जागी ग्रीक अक्षरं!

जत्रेनं संसारही भरपूर हलवला. १९७७ साली मुक्काम होता लेक जिनिव्हाच्या प्लेबॉय रिसॉर्टमध्ये. होय, तेच सशाचे कान वाले! पण ही मंडळी तिथेही फाशांकडेच बघत बसली असणार, पैज लावतो. मग युनिव्हर्सिटी कॅम्पस, मग मिलवॉकी आणि २००३ पासून इंडियानापोलिस. आता कन्व्हेन्शन सेंटरही कमी पडतं, म्हणून शेजारचं अमेरिकन फुटबॉलचं आख्खं स्टेडियम घेतात आणि मैदानात टेबलं मांडतात.

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. रिचर्ड गारफील्ड नावाचा गणितज्ञ (खापरपणजोबा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, उगाच नाही!) पीटर अ‍ॅडकिसनच्या छोट्याशा कंपनीकडे एक बोर्डगेम घेऊन गेला. अ‍ॅडकिसन म्हणाला, छान आहे, पण छापायला महाग. मला असं काहीतरी दे, जे खिशात मावेल आणि अशा जत्रांमध्ये दोन खेळांच्या मधल्या वेळात चटकन खेळता येईल. थोडक्यात, टाइमपास! गारफील्डनं जे दिलं ते 'मॅजिक : द गॅदरिंग'. १९९३ च्या जेन कॉनमध्ये ते पत्ते झळकले आणि पुढच्याच वर्षी तिथेच त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप! टाइमपास इतका चालला की १९९७ साली अ‍ॅडकिसनच्या कंपनीनं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वाली कंपनीच विकत घेतली. २००२ मध्ये तर त्यानं जेन कॉनसुद्धा खिशात घातलं. जत्रेला येणारा पोरगा जत्रेचा मालक!

पत्त्यांवरून आठवलं, 'कार्डहाला' ऐकलंय? जत्रेत एक कोपरा राखून ठेवतात आणि तिथे दान आलेल्या पत्त्यांचे ढीग ओततात. कुणीही यावं, बसावं, बांधावं. अनोळखी लोक श्वास रोखून पत्त्यावर पत्ता टेकवतात, बुरूज उठतात, पूल होतात, माणसाच्या उंचीचे मनोरे उभे राहतात. मग शनिवारी रात्री भोवती गर्दी जमते आणि सगळे मिळून त्यावर नाणी फेकतात! धडाधड, धडाधड, पत्त्यांचा बंगला जमीनदोस्त. फरशीवरची चिल्लर गोळा करून जाते धर्मादाय संस्थेला. पाडापाडीतून पुण्य कमावण्याची आयडिया आपल्याकडे कुठल्या बिल्डरला सुचली नाही अजून.

बसून कंटाळलात? 'ट्रू डंजन' आहे ना! खरीखुरी खोल्यांची गुहा, आत शिरायचं आणि स्वतःच्या पायांनी सापळे चुकवायचे. तहान लागली? शहरातली एक ब्रुअरी खास जेन कॉनसाठी दर वर्षी नवी बिअर गाळते.

एवढ्या लोकांची झोपायची सोय? लॉटरी! हॉटेलच्या खोल्या बुक करायला तुमचा नंबर कधी लागणार, हे कॉम्प्युटर यादृच्छिक ठरवतो. म्हणजे जत्रेआधीच पहिला फासा पडतो, तोही न दिसणारा. उशिराची वेळ आली की डाउनटाउन विसरा, विमानतळाजवळ झोपा.

पण गमती सगळ्याच काही निरागस नाहीत बरं. २०२३ ची जत्रा सुरू व्हायच्या आधी, स्टॉल लागत असताना, दोघांनी मालाची हातगाडी सरळ ढकलत बाहेर काढली. दिवसाढवळ्या! गाडीवर होते खेळाचे पत्ते, किंमत सुमारे ३ लाख डॉलर. कुणी हटकलंसुद्धा नाही, कारण त्या हॉलमध्ये त्या दिवशी जो तो खोकीच ढकलत होता. पुढे पोलिसांना पत्त्यांचाही पत्ता लागला आणि चोरांचाही.