‘म्हणून’ की ‘तरी’?

‘पाऊस होता म्हणून आम्ही घरी बसलो.’ सरळ वाक्य, कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही. आता हे वाचा: ‘पाऊस होता तरी आम्ही कर्नाळ्याला गेलो.’ कान टवकारले ना?

पनवेलचा पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे ‘पाऊस होता’ एवढं ऐकलं, की पुढे काय झालं असेल याचा अंदाज मन आधीच बांधून टाकतं. ‘म्हणून’ म्हणतो, अंदाज बरोबर. ‘तरी’ म्हणतो, चुकलात!

इंग्रजीत हे काम ‘ऑल्दो’ करतो: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट टू कर्नाळा.’ इथे आपण हमखास फसतो. मराठीत जरी-तरीची जोडगोळी असते, म्हणून इंग्रजीतही मध्येच ‘बट’ घुसडतो आणि वहीत लाल रेघ येते. कारण ‘बट’ला दोन्ही बाजूंना बरोबरीची वाक्यं लागतात. ‘ऑल्दो’ मात्र आपलं वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली देऊन मोकळा होतो. मग बरोबरी उरली कुठे? ‘येट’ची जोडी मात्र चालते. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ऑल्दो’च्याच अर्थाच्या ‘दो’च्या सोबतीला ‘येट’ भेटतो.

मराठीतही दोघांतला एक गाळता येतो बरं का! ‘जरी पाऊस होता तरी गेलो’ यातला ‘जरी’ काढा, काही बिघडत नाही. ‘तरी’ काढून बघा, वाक्य लगेच लंगडतं. म्हणजे जोडीतला पहिला गेला तर मराठीचं भागतं, दुसरा नसला तर इंग्रजीचं!

आता खरी गंमत. एखादी ताई भर पावसात भिजायलाच कर्नाळ्याला जाते. ती म्हणेल, ‘पाऊस होता म्हणून गेले.’ तिची आजी म्हणेल, ‘पाऊस होता तरी गेली हो ही!’ पाऊस एकच, सहल एकच, अंदाज मात्र दोघींचे वेगळे. ‘तरी’ कुठे येणार हे पाऊस ठरवत नाही, बोलणाऱ्याचं मन ठरवतं.

करून बघा: कर्नाळा पक्षी अभयारण्य जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं. तिथे पक्ष्यांच्या 150हून जास्त जाती दिसतात. ही दोन वाक्यं ‘तरी’ने जोडा. मग तुमच्या मनात आधी कोणता अंदाज होता, तोही लिहा.