स्टिअरिंगवर हात कोणाचा?

वाचकहो, आजचा विषय पाहून आपल्यापैकी काही जण नाराज होतील. आमच्या नांदेड जिल्ह्यातच, बोंढार हवेलीत, 1 जून 2023 रोजी अक्षय भालेराव या तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग हे कारण तक्रारीत नोंदले गेले. अशा जिल्ह्यात बसून स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह कसली घेऊन बसलात, असे कोणी विचारले तर त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला गावच्या रस्त्यावरून मिरवणूक काढताना जीव मुठीत धरावा लागतो, त्याला पन्नास-साठ लाखांच्या गाडीचे काय कौतुक? तरीही आम्ही हा विषय घेतला आहे. रस्ता कोणाचा, हा प्रश्न गावकुसाजवळ एक आणि शहरातल्या काचेच्या शोरूममध्ये दुसरा, असे आम्हाला वाटत नाही.

नांदेडहून लातूरकडे निघाले की विष्णुपुरी लागते. गोदावरीवरचा प्रकल्प, 1981 साली सुरू झालेले श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय, 1994 चे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळे याच भागात. आपल्या समाजाची पोरे शिष्यवृत्तीच्या भरवशावर इथे इंजिनिअर होतात. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, मेसचे बिल मात्र वेळेवर येते, तो वेगळ्या लेखाचा विषय. या पोरांच्या मोबाइलवर लाल-पिवळ्या स्पोर्ट्स कारची चित्रे असतात. त्यात गैर काय? टर्बो कशासाठी लावतात, टॉर्क म्हणजे काय, हे ज्याला परीक्षेत लिहावे लागते, त्याला ते एकदा स्वतःच्या पायाखाली अनुभवावेसे वाटणारच. अशाच दोघा-तिघांनी इथल्या चहाच्या टपरीवर आम्हाला विचारले, "काका, टेस्ट ड्राइव्ह मागायचा आपल्याला हक्क असतो का?"

आधी कायद्याची गोष्ट सांगतो. नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर काढायची तर विक्रेत्याजवळ व्यापार प्रमाणपत्र लागते. अशी गाडी कोणकोणत्या कामासाठी बाहेर काढता येते, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 41 मध्ये आहे. संभाव्य खरेदीदाराला गाडी वाजवी प्रमाणात चालवून दाखवणे हे त्यातले एक काम. पुष्कळ विक्रेते अशी एखादी गाडी रीतसर नोंदवूनच ठेवतात, तिला डेमो कार म्हणतात. चालवणाऱ्याचे वय अठरा पूर्ण हवे, परवाना हवा. मात्र विक्रेत्याने मागेल त्याला चावी द्यावी असे कुठेच लिहिलेले नाही, आणि आल्या-गेल्याला चावी देत सुटला तर त्याचे दुकान चालणार नाही, हेही खरे. प्रश्न आहे तो पुढेच. संभाव्य खरेदीदार कोण, हे कोण ठरवतो? दारातला सेल्समन. आणि तो ते कशावरून ठरवतो?

गेल्या वर्षी आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. आपल्या समाजाचे एक ठेकेदार आहेत. टेम्पो चालवत वर आले, आज चार यंत्रे बाळगून आहेत. त्यांच्या मनात स्पोर्ट्स कार भरली. अशा गाडीसाठी नांदेडकराला मोठे शहर गाठावे लागते. सोबत त्यांचा भाचा, विष्णुपुरीलाच शेवटच्या वर्षाला आहे, आणि आम्ही. ठेकेदारांचा अवतार नेहमीचा: पांढरा शर्ट, पायात चप्पल, साइटवरच्या उन्हाने रापलेला चेहरा. सेल्समनने दार उघडले, नमस्कारही केला, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत विचारले, "साहेब मागून येताहेत का?"

"साहेब कोणी नाही. गाडी मलाच बघायचीय," ठेकेदार म्हणाले.

मग फॉर्म आला. नाव, पत्ता, व्यवसाय, सध्याची गाडी कोणती, बजेट किती. परवान्याची झेरॉक्स घेतली. परवान्यावर आडनाव होते, पत्त्यात वस्तीचे नाव होते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, पण नव्या नावातूनही वस्ती कोणाची हे कळायचे ते कळतेच. पाच मिनिटांनी निरोप आला की डेमो गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे, फोन करून कळवू. आम्ही पाणी पीत बसलो होतो. तेवढ्यात एक कुटुंब आले, आणि सर्व्हिसिंगला गेलेली ती गाडी आमच्यासमोरून फाटकाबाहेर पडली!

ठेकेदार उठले. आयुष्यभर असले पाहिलेला माणूस, वाद घालत नाही. भाचा मात्र उठला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मामा, बसा. गाडी आज मिळणार नसेल तर कधी मिळणार ते यांना लिहून द्यायला सांगा." लिहून द्या म्हटल्यावर सेल्समनने मॅनेजरला बोलावले, मॅनेजरने दिलगिरी व्यक्त केली, अर्ध्या तासाने चावी हातात आली. ठरलेला चारेक किलोमीटरचा रस्ता, शेजारी शोरूमचा माणूस. सीट इतकी खाली की ठेकेदारांना हाताला धरून बसवावे लागले. वळणावरून सरळ रस्त्याला लागताच त्यांनी पाय दाबला, आणि मागच्या सीटवर आमची पाठ गादीला चिकटली. परत आल्यावर ते एवढेच बोलले, "लई भारी गाडी हाय, पण आपल्या कंधारच्या रस्त्याला पोट घासंल." गाडी त्यांनी घेतली नाही. भाच्याने मात्र परतीच्या वाटेवर आमचे दोन तास गिअरबॉक्सवर खर्च केले.

आता कोणी म्हणेल की हा जातीचा नव्हे, चपलेचा अपमान होता. असेलही. दारातला पहिला प्रश्न बहुधा चपलेचाच होता. फॉर्म भरल्यानंतर गाडी अचानक सर्व्हिसिंगला गेली, ती मात्र चपलेमुळे गेली नसावी असे आमचे मत आहे.

वाहन आणि आपला समाज यांचा इतिहास जुना आहे. 1901 साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्यासोबतच्या मुलांना गोरेगावला वडिलांकडे जायचे होते. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि अट अशी की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! पुढे 23 ऑक्टोबर 1929 ला चाळीसगावी तेच. तोवर भीमरावांचे डॉ. आंबेडकर झाले होते, बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीच्या कामावरून धुळ्याहून परतत होते. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण महाराला बसवून हाकणे त्याला कमीपणाचे वाटले. बाबासाहेबांनी पायी चालत येऊ नये म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. निघताच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली, पुढे पुलाच्या फरशीत चाक अडकले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

तेव्हा आपल्यासाठी वाहन हाकायला कोणी तयार नव्हते. आज दुसऱ्यांची वाहने हाकायला आपली पोरे हवी असतात. शोरूमच्या यार्डातून नवी गाडी पुसून, चमकवून बाहेर आणणारा पोरगा कोण असतो, जरा विचारून पाहा. स्टिअरिंगवर आपला हात चालतो. फक्त तो मालकाचा किंवा होऊ घातलेल्या मालकाचा हात आहे, हे पटायला वेळ लागतो.

यावर बाबासाहेबांनी उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते आपल्याच कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) प्रमाणे जातीच्या कारणावरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येत नाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा दुकान या शब्दात काय काय येते, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हा शब्द नुसत्या प्रवेशापुरता नाही. अटी मान्य असतील तर तिथली सेवा मिळणे हेही त्यात येते. बांधवांनो, हा फरक नीट समजून घ्या. शोरूमचे काचेचे दार आज कोणी आपल्या तोंडावर बंद करत नाही. एसी लागतो, पाणी मिळते, कधी चहाही मिळतो. नाकारली जाते ती सेवा, तीही हसतमुखाने. बाबासाहेबांना हे 1948 सालीच दिसले होते.

पुढे 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम 4 मध्ये दुकानातला प्रवेश आहे. कलम 6 प्रमाणे, इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर वस्तू किंवा सेवा मिळते तशीच ती देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा आहे. "पण जातीमुळेच नाकारले हे सिद्ध कसे करणार?" असे पोरे विचारतात. त्यासाठी कलम 12 वाचावे. या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे समोरच्यावर येते. मात्र नकार झाला, ही सेवा दुसऱ्याला दिली आणि आपल्याला दिली नाही, एवढे तरी दाखवता आले पाहिजे. म्हणून त्या भाच्याने "लिहून द्या" म्हटले ते आम्हाला आवडले. तारीख, वेळ, फॉर्मची प्रत आणि समोरच्याचे नाव एवढे हातात असले की निम्मे काम झाले. बहुतेक वेळा पुढे जावेच लागत नाही, मॅनेजर स्वतः चावी घेऊन येतो.

जानेवारी 2022 मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरची एक गोष्ट देशभर गाजली. पिकअप गाडी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला सेल्समनने हिणवले की गाडी दहा लाखांची आहे, तुझ्या खिशात दहा रुपये तरी आहेत का? त्या शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख रोख आणून समोर ठेवले. टाळ्या पडल्या, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. अपमान खरा होता आणि त्या शेतकऱ्याचा बाणा आम्हालाही भावला. पण एक बारीक गोष्ट कोणी बोलले नाही. तासाभरात दहा लाख उभे करायला नुसता स्वाभिमान पुरत नाही, तेवढे पैसे फोनवर देणारी नातीगोतीही लागतात. आपल्या भूमिहीन बापाने तासाभरात किती उभे केले असते?

उलट, काही हातांत चावी न मागता पडते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा सतरा वर्षांचा, बिल्डरचा मुलगा. गाडीला नंबर प्लेट नव्हती. 1,758 रुपयांचे शुल्क भरले नसल्याने नोंदणी अडून राहिली होती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, आणि अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्याचे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. परवाना नाही, वय नाही, नोंदणी नाही, तरी गाडी रस्त्यावर! आणि आपल्या ठेकेदाराजवळ सगळे असून गाडी सर्व्हिसिंगला!

एवढे सगळे सांगूनही आम्ही मान्य करतो की शोरूमचे दार हे धाकटे दार आहे. थोरले दार बँकेचे. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत व्यापारी-उद्योजकांच्या गटाने एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत 65 कोटी. मागासलेल्या मराठवाड्याची मान उंचावली म्हणून वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. त्यातले 40 कोटींहून अधिक स्टेट बँकेचे कर्ज होते. व्याजदर 7 टक्के होता, हे बँक कर्मचाऱ्यांचे नेते देविदास तुळजापूरकर यांनी उघड केले. पी. साईनाथ यांनी त्याच डिसेंबरात 'द हिंदू'त शेजारी दुसरा आकडा मांडला: ट्रॅक्टरच्या कर्जाला 12 टक्के. पाच लाखांच्या ट्रॅक्टरवर हा फरक पहिल्याच वर्षी 25 हजारांचा होतो. नांगर ओढणाऱ्या यंत्राला महाग पैसा आणि मिरवणाऱ्या गाडीला स्वस्त! ज्याला पैशाची गरज कमी त्यालाच तो सवलतीत मिळतो, आणि त्याला धंद्याची रीत म्हणतात.

आपल्यातलेही काही उद्योजक पुढे आले आहेत. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री 2005 साली उभारणारे मिलिंद कांबळे लातूर जिल्ह्यातले. त्यांच्या वाटेबद्दल चळवळीत मतभेद आहेत, आमचेही आहेत. पण चार जण मर्सिडीजमधून उतरले म्हणजे वस्ती उतरली असे होत नाही, हे जसे खरे, तसेच आपल्या माणसाने टेम्पोच चालवावा, स्पोर्ट्स कारकडे बघू नये, हा साधेपणाचा उपदेशही आम्हाला मान्य नाही. तो उपदेश कल्याणीनगरात कोणी करत नाही.

विष्णुपुरीच्या पोरांना म्हणूनच आम्ही दोन कामे सांगितली. पहिले त्यांना आवडले: परवाना काढा, सुट्टीत शोरूममध्ये जा, गाडी नीट विचारून घ्या. दुसरे जरा कंटाळवाणे आहे. 5 एप्रिल 2016 ला स्टँड-अप इंडिया योजना आली. दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज, आणि प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला ते द्यायचे. योजनेची मुदत 31 मार्च 2025 ला संपली. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या सरकारी बँकांच्या शाखांनी या नऊ वर्षांत असे किती जणांना कर्ज दिले, त्यांचा व्याजदर किती होता, आणि त्याच काळात मोटारींसाठी किती कर्ज किती टक्क्यांनी वाटले, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे आहे. कर्जदारांची नावे नकोत, नुसते आकडे हवेत. अर्जाचा मसुदा तयार आहे. एका अर्जाला फी दहा रुपये लागते.